फळी, पाचर आणि ‘टेक ओव्हर’

उघाडीवर कोणीच नव्हते. रजिस्टरात मात्र दोघांच्या खुणा होत्या. ‘हँडेड ओव्हर’च्या रकान्यात हिरू म्हात्रेचा अंगठा आणि वेळ अकरा वाजून पाच मिनिटे. ‘टेकन ओव्हर’च्या रकान्यात इनासची सही आणि वेळ साडेअकरा. शाई अजून ओली होती. मी टीपकागद दाबत होतो, तेवढ्यात बांधावरून बायकांचा गलका ऐकू आला.

मी तेव्हा भाईंदरच्या खाडीकाठच्या एका मिठागरावर हंगामी हेडक्लार्क होतो. ‘हंगामी’ म्हणजे काम हेडक्लार्कचे, पण कायमची ऑर्डर यायची होती. ती त्याच महिन्यात येणार होती. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या वागण्याचा उलगडा तिच्यामुळेच होईल.

मिठागर न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. खाडीच्या कडेने मातीचा बांध असतो. बांधात एक दार असते, त्याला उघाडी म्हणतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरतीचे पाणी उंच चढते. तेव्हा उघाडीची फळी वर ओढून खारे पाणी आतल्या मोठ्या तलावात घ्यायचे. तलावात एक खांब आहे, त्यावर खूण आहे. पाणी खुणेला लागले की फळी खाली पाडायची आणि ती उचलली जाऊ नये म्हणून वर लाकडी पाचर ठोकायची. तलावातले पाणी मग थोडेथोडे करून वाफ्यांत सोडतात, ते उन्हात आटते आणि तळाशी मीठ धरते. सगळे मिठागर त्या एका फळीवर चालते. फळी वेळेवर पडली नाही तर तलाव भरून वाहतो, आतला लहान बांध फुटतो आणि तयार मिठाच्या वाफ्यांत पाणी शिरते. मीठ पाण्यात किती वेळ टिकते हे सांगायला नको.

उघाडीवर दोन माणसे होती. हिरू म्हात्रे नवघरचा, साठीला आलेला, बापाच्या वेळेपासून तिथेच. दुसरा इनास, मूळचा उत्तनचा. त्याची सासुरवाडी भाईंदरची, तो तिथेच राहायचा. पाद्र्यांच्या शाळेत शिकल्यामुळे त्याला इंग्रजी सही येत होती, याचा मला फार आनंद होता.

आता ‘टेक ओव्हर’बद्दल.

मला याद्या करायची सवय आहे. घरात रॉकेल किती दिवस पुरते इथपासून ऑफिसात कोणती फाइल कोणत्या फडताळात आहे इथपर्यंत सगळ्याच्या याद्या आहेत. मॅट्रिकनंतर इंग्रजीची एक वही घातली. इंग्रजीत एखाद्या साध्या क्रियापदाला लहानसे शेपूट जोडले की ते भलतीकडेच जाते. ‘टेक’ म्हणजे घेणे, एवढे पोरालाही कळते. पण ‘टेक ऑफ’, ‘टेक इन’, ‘टेक अप’, ‘टेक डाउन’ यांना माझ्या वहीत दोन पाने लागली. ‘टेक ओव्हर’पुढे मी तीन ओळी लिहिल्या होत्या. एक : दुसऱ्याकडून कामाचा ताबा घेणे. दोन : पलीकडे नेणे, जसे तरीवाला माणसे खाडीपलीकडे नेतो. तीन : एखादी पेढी किंवा कारखाना नव्या मालकाने सबंध आपल्याकडे घेणे. चौथी ओळ कोरी ठेवली होती. मी प्रत्येक शब्दाखाली एक ओळ कोरी ठेवतो.

पहिल्या ओळीचा अर्थ मला सगळ्यांत आवडायचा. एक माणूस ‘हँड ओव्हर’ करतो, दुसरा ‘टेक ओव्हर’ करतो, मध्ये एक रेघ. स्वच्छ काम.

आमच्या उघाडीवरची रीत मात्र मला अजिबात स्वच्छ वाटत नसे. तिथे पाळी घड्याळावर बदलत नव्हती. आज अकराला, उद्या पावणेबाराला, परवा साडेबाराला. कारण विचारले तर हिरू म्हणायचा, “पानी खुनंला लागलं का इनास येतो. अशीच रीत हाय.” तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा हिशेब खाडीकाठी सगळ्यांनाच येतो, त्यामुळे इनासला वेळ चुकत नसे. तो आला की दोघे मिळून फळी पाडायचे. हिरू लाकडी मोगरीने पाचर ठोकायचा, मग ती मोगरी इनासच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, “घेतलंस?” इनास फळीवर हात ठेवून म्हणायचा, “घेतलं.” एवढे झाल्यावर हिरू घरी. दोघेही हे इतक्या गंभीरपणे करत की मला एकदा हसू आले होते. मी इनासला विचारले होते, हे लग्न आहे का? तो म्हणाला, “लग्नात एकदाच विचारतात, भाऊ. हा म्हातारा रोज विचारतो.”

दिवाळीनंतर हंगामाची तयारी सुरू झाली तेव्हा मी मॅनेजरसाहेबांपुढे एक कागद ठेवला. मॅनेजर रुस्तमसाहेब पारशी गृहस्थ, हुशार, पण कागद बघितला की खूश होणारे. कागदावर पाच नियम होते. पाळी रोज सकाळी अकराला बदलेल. दोघांनी ऑफिसात येऊन रजिस्टरात सही किंवा अंगठा करावा. सही झाली की पाळी बदलली असे समजावे. पुढच्या माणसाने ‘टेकन ओव्हर’ लिहीपर्यंत जबाबदारी आधीच्या माणसाची राहील. ड्यूटी संपलेल्याने उघाडीवर रेंगाळू नये.

रजिस्टर उघाडीवर का नाही ठेवले? तिथे वारा असतो, खारी हवा असते, शाई पसरते. ऑफिसपासून उघाडी चालत दहा मिनिटे. वही कोरडी राहावी म्हणून मी माणसांना दहा मिनिटे लांब बोलावले. तेव्हा हे मला व्यवस्थितपणाचे वाटले.

साहेब म्हणाले, “राऊत, फर्स्ट क्लास. हेडऑफिसला कॉपी पाठव.”

हिरूने कागद वाचून घेतला. म्हणजे मी वाचला आणि त्याने ऐकला. तो म्हणाला, “भाऊ, आनि पानी अकराला न्हाय आलं तं?”

मी म्हणालो की पाणी येवो न येवो, ड्यूटी अकराला बदलेल.

“बरं,” तो म्हणाला. “पान्याला बी सांगा.”

ऑफिसातले हसले. मी हसलो नाही.

पुढचे चार-पाच महिने काहीच बिघडले नाही, आणि त्याचा मान मी रजिस्टरला दिला. खरे काय चालले होते ते फाल्गुनी पौर्णिमेला माझ्या लक्षात आले. मी बांधावर गेलो होतो. अकराला अंगठा देऊन गेलेला हिरू परत उघाडीवर उभा होता, इनासबरोबर फळीला हात लावून. म्हणजे तो रोज अंगठा द्यायचा आणि गुपचूप परत जाऊन आपली जुनी रीत पाळायचा. मला वाटले, हा माझ्या नियमाची टिंगल करतोय. मीठ वाहणाऱ्या बायका, वाफ्यातले गडी, सगळ्यांच्या देखत मी त्याला पाचवा नियम ऐकवला. पुन्हा दिसलास तर साहेबांकडे रिपोर्ट करीन, असेही म्हणालो. त्याने मोगरी खाली ठेवली आणि बांधावरून चालू लागला.

मग चैत्रातली अमावास्या आली. वाफ्यांत मीठ धरले होते. दोन दिवसांनी फावडी लागणार होती. हंगामातले सगळ्यांत चांगले मीठ ते. हिरूने दहाला फळी वर ओढली आणि अकराच्या सुमारास ऑफिसात आला. अंगठा दिला. पण तो दारातच उभा राहिला.

“फळी उघडी हाय भाऊ,” तो म्हणाला. “आज पानी जोरात हाय. इनास येईस्तवर मी तिथं जाऊन उभा ऱ्हातो.”

मी मान वर न करता म्हणालो, “अंगठा दिलास ना? मग झालं. घरी जा.”

तो गेला. मधल्या दिवसांत तो माझी नजर चुकवून परत जातच होता, हे मला पुढे कळले; या वेळी मात्र खरोखरच घरी गेला.

इनास त्याच्यामागोमाग आला. त्याने सही करून निघायचे होते. पण रजिस्टर चाळताना मला दिसले की मागच्या पंधरवड्यात त्याच्या सात सह्या राहिल्या आहेत. माणूस समोर आहे तर काम पुरे करून घ्यावे. मी त्याला बसवले. प्रत्येक ओळीत ‘टेकन ओव्हर’ पूर्ण लिही, वेळ घाल, सही कर. तो एकदा म्हणाला की पाणी चढत असेल, नंतर करतो. मी म्हणालो, नंतर म्हणत म्हणतच सात झाल्या. त्याचे अक्षर सुंदर होते आणि तो सावकाश लिहायचा. शेवटची आठवी ओळ त्या दिवसाची. तिच्यापुढे त्याने घड्याळ बघून खरी वेळ लिहिली, साडेअकरा.

तो धावत गेला, असे मला नंतर लोकांनी सांगितले. पोहोचला तेव्हा खांबावरची खूण पाण्याखाली गेली होती. त्याने फळीवर सगळे अंग टाकले. उधाणाच्या पाण्याचा लोंढा फळीखालून जात असताना ती एका माणसाने पडत नाही, दोघे लागतात. वाफ्यांतले गडी तिकडच्या टोकाला होते. ते धावून येईपर्यंत आतला बांध एका जागी खचला.

मी बांधावर पोहोचलो तेव्हा गलका थांबला होता. ते मला जास्त जड गेले. बायका मिठाच्या रिकाम्या पाट्या घेऊन ओळीने उभ्या होत्या आणि पांढरे वाफे एकामागून एक करडे होत होते. इनास गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या हातात मोगरी होती. उजव्या हाताच्या बोटाला शाई लागली होती, ती तो पाण्यात धूत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. साहेब, मी, हिरू आणि इनास. टेबलावर रजिस्टर. मीच ठेवले होते.

“अकरा पाच ते साडेअकरा,” साहेब म्हणाले, “गेट कोणाच्या चार्जमध्ये होतं?”

साहेबांनी माझ्याकडे बघितले. मी नियमांचा कागद उघडला आणि चौथा नियम वाचला. पुढच्या माणसाने ‘टेकन ओव्हर’ लिहीपर्यंत जबाबदारी आधीच्या माणसाची.

“म्हणजे हिरूची.”

“नियमाप्रमाणे,” मी म्हणालो.

साहेबांनी हिरूला विचारले की तू उघाडी सोडून घरी गेलास का. हिरूने माझ्याकडे पाहिले. मी रजिस्टराकडे पाहिले. मला फक्त एक वाक्य बोलायचे होते : तो थांबतो म्हणत होता, मी त्याला पाठवले, आणि इनासला मीच बसवून ठेवले. एवढेच. हे वाक्य मी त्या खोलीत जुळवलेसुद्धा. पण साहेबांच्या टेबलावर दुसऱ्या बाजूला हेडऑफिसचे पाकीट पडले होते आणि त्यात माझी ऑर्डर असेल असा मला संशय होता.

“घरी गेलो, हे खरं हाय,” हिरू म्हणाला. पुढचे मी बोलावे अशी त्याने वाट पाहिली. बरीच वाट पाहिली. इनासने तोंड उघडले, तर हिरूने त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवले. इनासला लहान मुले होती, आणि एकाची नोकरी जाणार हे म्हाताऱ्याला कळले होते.

हिरूला त्याच दिवशी कामावरून काढले. पाकिटात माझी ऑर्डर नव्हती. ती आठ दिवसांनी आली.

ऑर्डर आल्यावर मी नवघरला त्याच्या घरी गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. तो ओट्यावर बसून फाटलेली पाटी विणत होता. त्याने मला बसायला पाट दिला, बायकोला पाणी आणायला सांगितले. मग विचारले, “वही कशी हाय, भाऊ? सुकी ऱ्हायली ना?”

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

मी त्याला विचारले की पाळी पाण्यावर का बदलायची, ते मला आधी का सांगितले नाहीस. त्याने विणणे थांबवले. “फळी पाडाया दोघं लागतात,” तो म्हणाला. “पाळी तवाच बदलली तं दोघं असतातच. माझा बापूस बी असाच करायचा. तुमाला बोललो ना, रीत हाय.” त्याला वाटत होते की त्याने सांगितले आहे. त्याच्या भाषेत ‘रीत’ म्हटले की त्यात कारण आलेच. मी मात्र कारण वेगळ्या रकान्यात मागत होतो.

मी परत आल्यावर अकराचा नियम रद्द केला आणि रजिस्टर बंद केले. साहेबांना सांगितले की वही उघाडीवर न्यावी तर शाई पसरते. खरे कारण तेव्हाही सांगितले नाही.

वर्षे गेली. लढाई आली. आमच्या मिठागरातले एक गोदाम, धक्का आणि उघाडीपर्यंतचा बांध लष्कराने ताब्यात घ्यायचा ठरवला. हुकमात शब्द होता ‘टेक ओव्हर’. मी चाळीस वस्तूंची यादी टाइप केली, तीन प्रती काढल्या, टाक आणि दौत टेबलावर मांडून ठेवली. एक तरुण गोरा कॅप्टन आला. मी यादी पुढे केली आणि सही कुठे करायची ते दाखवले. त्याने यादी घेतली, टाक घेतला नाही.

“इथे नाही,” तो इंग्रजीत म्हणाला. “चला, दाखवा.”

आम्ही अडीच तास उन्हात चाललो. गोदामाचे प्रत्येक कुलूप त्याने माझ्याकडून उघडवून घेतले आणि स्वतः लावून पाहिले. धक्क्यावरचे खुंटे हलवून पाहिले. प्रत्येक वस्तूवर हात ठेवायचा, माझ्याकडे बघायचा आणि मग यादीत त्या ओळीपुढे खूण करायचा. उघाडीपाशी आलो. ही बंद कशी करतात, त्याने विचारले. मी सांगू लागलो. तो म्हणाला, सांगू नका, करून दाखवा. ओहोटी होती, तरी फळी जड होती. पाचर काढून ती वर ओढायला मी एकटा पुरेना. त्याने टोपी काढून ठेवली आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. फळी वर आली, मग आम्ही दोघांनी ती खाली पाडली. मी पाचर ठोकली. मोगरी कुठे ठेवावी ते सुचेना, तेव्हा त्याने हात पुढे केला आणि ती माझ्याकडून घेतली.

“टेकन ओव्हर,” तो म्हणाला आणि तिथेच, बांधावर, वाऱ्यात, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. शाई थोडी पसरली. त्याला त्याचे काही वाटले नाही.

ज्यांचा शब्द होता ते तो असा वापरत होते. हिरूही तो असाच वापरत होता, इंग्रजीचे एक अक्षर न येता. फक्त माझ्या वहीत तो वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन मी त्या चैत्र अमावास्येचा खरा रिपोर्ट लिहिला. हिरू थांबतो म्हणाला होता, मी त्याला पाठवले, इनासला मी अडकवले. रुस्तमसाहेब तोवर निवृत्त झाले होते. नव्या मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला आणि हा हिरू कोण असे विचारले. मग कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून सही केली आणि तो फाइलला लावायला माझ्याकडेच दिला. मी तो लावला. फाइल फडताळ दोन, वरून तिसरी. कोणालाही बघता येईल. अजून कोणी मागितली नाही.

रिपोर्टची नक्कल घेऊन मी नवघरला गेलो. हिरूला आता नीट दिसत नव्हते. मी कागद वाचून दाखवला, मराठी करून. त्याने सबंध ऐकला.

“आता कोन इचारतंय, भाऊ,” तो म्हणाला. रागाने नाही. मग त्याने विचारले, “इनास फळी कवा पाडतो?”

मी म्हणालो, लष्कराने त्यालाच ठेवले आहे, पाणी खुणेला लागले की पाडतो.

“दोघं असतात?”

“दोघं असतात.”

“मग झालं,” हिरू म्हणाला.

हे शब्द मी त्याला ऑफिसच्या दारात ऐकवले होते. त्याला ते आठवत होते की नाही, मला विचारायचे धाडस झाले नाही.

घरी येऊन इंग्रजीची वही काढली. ‘टेक ओव्हर’खालची चौथी ओळ अजून कोरी होती. तिथे लिहिले : ‘जिथे वस्तू असेल तिथे जाऊन, दोघांनी तिला हात लावून.’ अर्थ बरोबर आहे, कोणीही तपासून पाहावा. वहीत तो कायम राहील. हिरूला कामावर परत घ्यायला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.